पिवळ्याचे दोन सेकंद

आमची अनुश्री जिनिंग चौकात गेली. लोक ‘गेली’ म्हणतात तेव्हा मला चीड येते, कारण ती कुठे जायला निघालीच नव्हती, घरी यायला निघाली होती. बँकेतून सुटली, सिग्नल हिरवा झाला तशी स्कूटी घेऊन पुढे आली आणि आडव्या रस्त्यावरून सुसाट आलेल्या पिकअपनं तिला उडवलं. सव्वीस वर्षांची होती. पिकअपवाला म्हणाला, मी चौकात शिरलो तेव्हा माझा पिवळा होता. बघणाऱ्या चार लोकांनी चार गोष्टी सांगितल्या, आणि त्या पिवळ्यावर तो सुटला.

तेव्हापासून मला पिवळ्या दिव्याचा राग. हळदीच्या मुलखात राहून पिवळ्याचा राग धरणं सोपं नाही, पण मी धरला. लाल सरळ सांगतो, थांब. हिरवा सरळ सांगतो, जा. पिवळ्यात मात्र ज्याला जे पाहिजे ते त्यानं बघावं. असं मी तेव्हा येईल त्याला ऐकवत असे. फार शहाणी होते मी.

माझं नाव सरोजिनी. हिंगोलीतल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. आमचे हे, विश्वंभर, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. लेक गेल्यावर माणसं काय काय करतात. कुणी देवाला धरतं, कुणी सोडतं. ह्यांनी अर्ज धरला. जिनिंग चौकात सिग्नल मोडणाऱ्यांवर कॅमेरा बसवावा, एवढी एकच मागणी. तीन वर्षांत एक्केचाळीस अर्ज लिहिले. प्रत्येकाला घरचा जावक क्रमांक, प्रत्येकाची झेरॉक्स फाइलमध्ये. ह्यांचा हात थरथरतो म्हणून शेवटचे वीसेक अर्ज मीच लिहिले. हे सांगायचे, मी लिहायची, आणि मधेमधे भांडायचो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कॅमेरा बसला. खांबावर पांढरा डबा, खाली पाटी. लाल लागल्यावर कुणी पुढे गेलं की त्याच्या नंबराचा फोटो निघायचा आणि आठ दिवसांत फोनवर दंडाचा मेसेज. गावात नुसता बोभाटा झाला. दुकानदार म्हणाले, कुणाचं भलं व्हायचंय ह्यानं. ह्यांच्या तोंडावर कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांना अनुश्री ठाऊक होती.

हे रोज सकाळी नऊ ते दहा चौकात जाऊन उभे राहायला लागले. पानटपरीच्या बाजूला, हातात वही. कॅमेऱ्याच्या आधी ह्यांनी मोजलं होतं, तासाला त्रेसष्ट जण लाल तोडायचे. कॅमेरा लागल्यावर महिन्याभरात ते पाचावर आले. दुपारी घरी येऊन मला आकडा सांगायचे आणि मग पोटभर जेवायचे. तीन वर्षांनी माझ्या नवऱ्यानं दुसऱ्यांदा भाजी मागितली. मी त्या कॅमेऱ्याला मनातल्या मनात हात जोडले. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या चौकातच प्रेमदासची ओळख झाली. सहा किलोमीटरवरच्या तांड्यावरून तो रोज मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून यायचा. तिशीतला, बोलका. लाल लागला की पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गाडी लावायचा आणि ह्यांच्याकडे बघून हसायचा. "काका, बगा, रेषेच्या मागंच हाव," म्हणायचा. हे घरी येऊन सांगायचे, सरोज, एक पोरगं आहे, त्याच्यासारखी दहा असली तर कॅमेरा काढून टाकला तरी चालेल. एकदा मी बाजारातून येताना ह्यांच्यासोबत थांबले होते तेव्हा त्यानं मलाही राम राम केला. त्याला आमच्या लेकीचं माहीत होतं. त्यानं तो विषय काढला नाही, पण पुढे जाताना गाडी उगीच हळू घेतली.

मग एक नवीनच झालं. लोकांना कळलं की कॅमेरा फक्त लालवर फोटो काढतो. झालं, पिवळा दिसला की गाड्या जोरात सुटायला लागल्या. पाच सेकंदांचा पिवळा. तेवढ्यात पन्नास पावलांवरूनसुद्धा माणूस चौक गाठायला बघायचा. हे वैतागून घरी आले. "लाल सुधारला आन पिवळा बिघडला," म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर दुपारी दीड वाजता ते झालं. हे सांगत होते, मी लिहीत होते. "पिवळ्याचा कालावधी पाच सेकंदांवरून चार सेकंदांवर आणावा," हे म्हणाले.

"चार कशाला? तीन करा," मी म्हणाले. "तीनात कुनाची छाती न्हाई व्हायची."

"तीन कमी व्हतील."

"त्या पिकअपवाल्याला किती सेकंद लागले व्हते?" मी विचारलं. रागानंच विचारलं.

मग कारकुनाचं डोकं चाललं. अडतीस वर्षं ह्यांनी लोकांच्या मागण्यांवर लाल पेन चालवला होता. ज्याला दोन खोल्या पाहिजेत त्यानं चार मागाव्यात, साहेब दोन कापणारच, हा ह्यांचा आयुष्यभराचा हिशेब. "बराबर हे," म्हणाले. "तीनच लीव. ते चार करतील. आपल्याला चारच पाहिजे." मी तीन लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

ह्या वेळी कुणी कापलं नाही. वर कुणी वाचला का तो अर्ज, हेही मला सांगता येणार नाही. ज्या कंपनीकडे सिग्नलचं काम होतं त्यांचा माणूस एक दिवस आला, खांबाखालची पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि पाचाचे तीन करून गेला. हे समोरच उभे होते. एक्केचाळीस अर्जांना तीन वर्षं लागली होती, बेचाळिसाव्याचं तीन आठवड्यांत झालं. त्या दिवशी मी शिरा केला. केला, खोटं कशाला बोलू.

मी तीस वर्षं सातवीच्या पोरांना वेळ, वेग आणि अंतर शिकवलं. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. दोन सेकंदांत अठ्ठावीस मीटर. हे गणित माझ्या जिभेवर होतं. फळ्याशिवाय सांगू शकले असते. तीन लिहिताना ते एकदाही मनात आलं नाही. राग आला की माझं गणित जातं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात प्रेमदासच्या फोनवर दंडाचा मेसेज आला. तो नेहमीच्या बेतानं पिवळ्यात निघाला होता आणि मधेच लाल लागला. त्याचं तोंड उतरलं होतं. ह्यांना म्हणाला, "काका, आजकाल पिवळा लवकर सरून राहिला का?"

हे मला घरी येऊन सांगत होते. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात. हे म्हणाले, "म्या सांगितलं, पिवळा पुढं जायला नसतो बाबा, थांबायला असतो. तर म्हनला, बराबर हे काका, आता पिवळा दिसला की थांबतो." हे खूश होते. मीही.

फेब्रुवारीत एका रिक्षाला मागून ठोकर बसली. रिक्षावाला पिवळा बघून थांबला आणि मागचा थांबला नाही. दिवा फुटला, भांडण झालं, मिटलं. मार्चमध्ये एका मास्तरांच्या स्कूटरला तसंच झालं, मास्तरांचा गुडघा सुजला. ह्यांनी ते दोन्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. पुढच्या पानांवर लाल तोडणाऱ्यांचे आकडे, ठळक, तारखेनिशी. मागच्या पानावर बारीक अक्षरात ह्या दोन ओळी. वही टेबलावर होती म्हणून मला दिसल्या. मी वही मिटून ठेवली आणि काही बोलले नाही. ह्या दोन ओळी मी आजही पाठ म्हणू शकते.

एप्रिलमध्ये हळदीचा हंगाम जोरात होता. पोत्यांनी गळ्यापर्यंत भरलेले टेम्पो सकाळपासून चौकातून जात होते. साडेनऊला प्रेमदास आला. चौक चाळीसेक पावलांवर असताना पिवळा लागला. पाच सेकंद असते तर तो आरामात निघून गेला असता, त्याला तशी सवयच होती. पण आता तीन होते, आणि त्यानं काकांना शब्द दिला होता. त्यानं ब्रेक दाबला आणि रेषेच्या मागे थांबला. मागच्या टेम्पोवाल्याला वाटलं हा जाणार आणि ह्याच्यामागून आपणही निघू. त्यानं वेग वाढवला होता.

हे घरी आले तेव्हा पायात चप्पल नव्हती. शर्टाच्या बाहीला दूध लागलं होतं. मी विचारत राहिले आणि हे दारातच उभे राहून एकच सांगत होते, "तो थांबला म्हनून मेला, सरोज. तो थांबला म्हनून मेला." मी ह्यांना पाणी दिलं. ह्यांनी ते हातात धरलं, प्यायलं नाही.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी वही ह्यांच्यासमोर ठेवली. माझा स्वभाव वाईट, दुःखातही मला कुणाशी तरी भांडावं लागतं. "आता काय लिवता ह्याच्यात?" मी म्हणाले. "तुमच्या कॅमेऱ्यानं मानसं वाचली का मेली?"

"कॅमेरा लागल्यापासून आडव्या गाडीच्या धडकेनं त्या चौकात एकबी जीव गेला न्हाई," हे म्हणाले. "आदी दर साली दोन-तीन जायचे. ते खरं हे. ते मी लिवलेलं हे."

"आन मागून?"

"एक," हे म्हणाले.

मला वाटलं होतं की मी जिंकेन. पण हे एवढंच बोलले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि मग मीही रडले. अनुश्रीच्या वेळी आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत रडलो होतो. ह्या वेळी एका टेबलावर.

दुसऱ्या दिवशी प्रेमदासचे वडील थावरा आमच्या दारात आले. धोतर, पागोटं, हातात कागदाची घडी. पंचनाम्यात लिहिलं होतं की मोटरसायकलवाल्यानं विनाकारण अचानक ब्रेक मारला. टेम्पोवाल्याचा जबाबही तसाच. थावरा खाली बसले आणि म्हणाले, "साहेब, पानटपरीवाला म्हनला तुमी रोज तिथं उभे ऱ्हाता. माझं पोरगं चुकलं न्हाई एवढं तुमी लिवून द्या. मेलेल्या लेकराच्या नावावर चूक नगं."

हे लगेच उठले. त्याच दिवशी पोलिसांत जाऊन जबाब देऊन आले. पिवळा लागला होता, प्रेमदास नियमानं थांबला, तिथे पिवळा फक्त तीन सेकंदांचा आहे, मागच्यानं वेग वाढवला. सगळं खरं लिहिलं. तीन सेकंद कुणामुळे झाले तेवढं लिहिलं नाही. पिवळा परत पाच करावा असा अर्जही केला, आणि ह्या वेळी पाच पाहिजेत म्हणून पाचच मागितले. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

जबाबाची प्रत तांड्यावर नेऊन द्यायची ठरली. मी म्हणाले, "त्यायला सगळं सांगावं लागंल."

"काहून?" हे म्हणाले. "जबाब दिला. त्याच्यावरची चूक गेली. आता आपलं सांगून त्यायचं काय भलं व्हनार? उलट तकलीफ."

ह्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. रिक्षात बसताना मीही ठरवलं होतं की प्रत द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि उठायचं.

तांडा रस्त्यापासून थोडा आत आहे. सेवालाल महाराजांच्या देवळावर पांढरा झेंडा, मग पंचवीस-तीस घरं. थावरांच्या अंगणात दुधाच्या दोन कॅन पालथ्या घातलेल्या होत्या. एकीचा पत्रा आत गेला होता. प्रेमदासची बायको निलम ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, तिनं आमच्याकडे बघितलं नाही. थावरांनी आमच्यासाठी बाज टाकली. ह्यांनी कागद त्यांच्या हातात दिला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. ‘नियमानुसार थांबला’ हे वाचलं तेव्हा थावरांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. ह्यांनी पुन्हा वाचलं.

आतून प्रेमदासची आई बाहेर आली. पारुबाई. माझ्याच वयाची असेल. माझ्याजवळ खाली बसली आणि माझा हात धरला. हात खरबरीत, गरम. "त्यो घरी सांगायचा," म्हणाली. "चौकात येक काका ऱ्हातेत म्हनं. त्यायची लेक तिथंच गेली. म्हनून ते समद्याला थांबवतेत. म्या म्हनायचे, त्यायचं आयकत जा बाबा, लेकरू गेलेल्या मानसाचं आयकावं." मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमालाच समजतंय माझं. दुसऱ्याला न्हाई समजायचं."

मी उठायला पाहिजे होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, उठ अशा अर्थानं. पण तिनं हात धरलेला होता, आणि ती मला तिच्यासारखीच समजत होती. मला ते सहन झालं नाही. शिव्या मी सहन केल्या असत्या.

"पारुबाई," मी म्हणाले, "तो पिवळा आदी पाच सेकंदांचा व्हता. तो तीनचा आमी करायला लावला."



"अर्ज माझा व्हता," हे मागून म्हणाले.

"आकडा माझा व्हता," मी म्हणाले. "हे चार म्हनत व्हते. म्या तीन लिवलं. माझ्या लेकीच्या रागानं लिवलं. पाच असते तर तुमचा प्रेमदास थांबला नसता, निघून गेला असता. घरी आला असता. त्यानं ह्यायला इचारलं बी व्हतं, पिवळा लवकर काहून सरून राहिला म्हनून. तेव्हा बी आमी त्याला खरं सांगितलं न्हाई."

थावरांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली. ओसरीवरच्या निलमनं मान वर केली. मला वाटलं, आता ही म्हातारी माझा हात झटकेल, जा म्हणेल, तांडा गोळा करेल. तसं झालं असतं तर मी तिचे पाय धरले असते आणि मोकळी झाले असते.

पारुबाई विचार करत होती. तिच्या घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं, तिचं काम दुधाच्या वेळेवर आणि उन्हावर चालत असणार. ती खरंच समजून घ्यायला बघत होती.

"पाचाचे तीन," ती म्हणाली. "म्हंजी दोन कमी केले."

"व्हय."

"दोन सेकंद म्हंजी किती व्हतं, बाई?"

तीस वर्षांत मला कुणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. अठ्ठावीस मीटर हे उत्तर मी गिळलं. तिच्यासमोर मोजून दाखवण्यापलीकडे काही सुचलं नाही.

"एक," मी म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "दोन."

ती पुढच्या आकड्याची वाट बघत होती.

"येवढंच?"

"एवढंच."

पारुबाईनं ओसरीकडे बघितलं, निलमकडे. मग पालथ्या कॅनकडे. तिचा आवाज चढला नाही की तिनं माझा हात सोडला नाही.

"येवढं तर त्याला कुनीबी देलं असतं, बाई," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.